बेरिलियम-११ च्या मागावर: एम.एस्सी. प्रकल्पाच्या नोंदी

१२ डिसेंबर

आज विषयावर सरांची सही झाली. हलक्या, अल्पजीवी अणुकेंद्रकांमधल्या संक्रमणाची (एका ऊर्जास्थितीतून दुसरीत जाण्याची) ताकद कूलॉम उत्तेजनातून, म्हणजे केंद्रकाला विद्युत क्षेत्राचा धक्का देऊन, कशी काढतात, हा विषय. दोन आठवडे मी याच्याच मागे लागले होते. वर्गातल्या बहुतेकांनी थिन फिल्म घेतल्यात, इथं त्याची सोय चांगली आहे. सर म्हणाले, "आपल्याकडं किरणपुंज नाही, बेरिलियम-११ नाही. एक सोडियम आयोडाइड डिटेक्टर आहे आणि तुझा लॅपटॉप. एवढ्यात काय करणार ते लिहून आण."

लिहून नेलं. एक, प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांचं गणित स्वतः मांडायचं. दोन, वेगात धावणाऱ्या केंद्रकातून निघालेला गॅमा किरण डिटेक्टरला कुठल्या ऊर्जेचा दिसेल ते काढायचं. तीन, ३२० केईव्हीच्या (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक; एमईव्ही त्याच्या हजारपट) आसपास आपला डिटेक्टर किती कार्यक्षम आहे ते खरोखर मोजायचं. सरांनी तिसऱ्या मुद्द्याखाली रेघ मारली.

१६ डिसेंबर

बेरिलियम-११ च का, ते आधी स्वतःसाठी लिहून ठेवते.

चार प्रोटॉन, सात न्यूट्रॉन. सातवा न्यूट्रॉन जेमतेम अडकलेला आहे. त्याला सोडवायला साधारण ५०० केईव्ही पुरतात, एरवी केंद्रकातून न्यूट्रॉन काढायला सात-आठ एमईव्ही लागतात. म्हणून तो गाभ्यापासून लांब पसरतो, गाभ्याभोवती विरळ न्यूट्रॉनचं वलय तयार होतं. शिवाय साध्या शेल मॉडेलप्रमाणे (केंद्रकातले कण ठरावीक कवचांत बसतात असं मानणारं) मूळ स्थिती एक-द्वितीयांश ऋण यायला हवी, ती येते एक-द्वितीयांश धन (आकडा फिरकीचा, चिन्ह पॅरिटीचं). तालमी आणि उन्ना यांनी १९६० मध्येच हे दाखवून दिलं होतं. ऋण स्थिती ३२० केईव्ही वर आहे आणि बांधलेली उत्तेजित स्थिती ही एवढीच. या दोघींमधलं विद्युत द्विध्रुव संक्रमण इतकं जोरदार आहे की बांधलेल्या स्थितींमध्ये त्याच्या तोडीचं दुसरं माहीत नाही.

बेरिलियम-११ चं अर्धायुष्य १४ सेकंदांच्या जरा आत. त्यामुळं त्याचं टार्गेट करता येत नाही. उलट करतात: बेरिलियमचाच पुंज करून तो शिशाच्या पत्र्यावर सोडतात. शिशाच्या ८२ प्रोटॉनच्या विद्युत क्षेत्रातून जाताना बेरिलियम उत्तेजित होतं, पुढं जाऊन ३२० केईव्हीचा गॅमा सोडतं. किती गॅमा आले यावरून संक्रमणाची ताकद, म्हणजे बी(ई१), निघते.

आईला सांगताना गुऱ्हाळ आठवलं. काहिलीला हात न लावता नुसतं जवळून गेलं तरी झळ लागते, आणि किती अंतरावरून गेलो त्यावर ती कमी-जास्त होते. आईनं विचारलं, "आणि हात लागला तर?" प्रश्न अगदी मर्माचा होता. स्पर्श झाला की केंद्रकीय बल मध्ये येतं आणि मग झळ कुठली, चटका कुठला, हे वेगळं काढणं अवघड होतं. या प्रयोगांतली निम्मी मेहनत स्पर्श झालेले धक्के बाजूला काढण्यातच जाते.

२३ डिसेंबर

क्रॉस सेक्शनचं (उत्तेजन घडण्याची शक्यता, क्षेत्रफळात मांडलेली; एकक मिलिबार्न) गणित पूर्ण केलं. वहीत पाच पानं झाली, पण हातानं केलं याचं समाधान आहे.

कल्पना फर्मीची, १९२४ ची. झपाट्यानं जाणाऱ्या विद्युत भाराचं क्षेत्र म्हणजे जणू फोटॉनचा लोंढा असं धरायचं. वाइत्सेकर आणि विल्यम्स यांनी १९३४ मध्ये ती सापेक्षतेत नेली. आपल्या बाबतीत बेरिलियमच्या जागी बसून पाहिलं तर शिसंच अंगावर धावून येतं, सोबत आभासी फोटॉन घेऊन.

पुंजाची ऊर्जा दर न्यूक्लिऑनला (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) ६४ एमईव्ही घेतली, कारण जपानच्या रिकेनमधला १९९७ चा प्रयोग तेवढ्यावर झाला होता. वेग प्रकाशाच्या ०.३५३ पट येतो. सर्वांत जवळचं अंतर १२ फर्मी धरलं (इथं फर्मी हे एकक, मिलिमीटरचा लाख कोटीवा भाग). दोन्ही केंद्रकांच्या त्रिज्यांची साधी बेरीज ९.८ फर्मी होते, वर थोडी मोकळीक. बी(ई१) ०.११६ ई-वर्ग फर्मी-वर्ग टाकला तर ३५२ मिलिबार्न आले. ०.१०२ टाकला तर ३०९.

मग १२ ऐवजी १० फर्मी घालून पाहिलं. उत्तर जेमतेम ६ टक्क्यांनी वाढलं. द्विध्रुव संक्रमणात अंतर लॉगॅरिथममधून येतं, त्यामुळं तिथं थोडी चूक झाली तरी खपते. चतुर्ध्रुवात (संक्रमणाचा दुसरा प्रकार, ई२) तेच अंतर वर्गात, तेही छेदात येतं. तिथं १० चे १२ केले तर उत्तर जवळजवळ ३० टक्क्यांनी पडतं. हे सूत्रात डोळ्यासमोरच होतं, पण आकडे घालून पाहीपर्यंत त्याचं वजन कळलं नव्हतं.

५ जानेवारी

डिटेक्टर लावला. दोन इंची सोडियम आयोडाइडचा स्फटिक, मागं फोटोमल्टिप्लायर (स्फटिकातली चमक विद्युत संकेतात बदलून वाढवणारी नळी). सीझियम-१३७ चा स्रोत ठेवला, त्याच्या ६६२ केईव्हीच्या गॅमाची पीक (आलेखातलं शिखर) सुंदर आली, रुंदी ७ टक्के. सकाळी दहाला ती ४१२ व्या चॅनेलवर होती, दुपारी तीनला ४०५ वर. तीन तास वायरी तपासण्यात गेले. वायरी ठीक होत्या. खोली तापली होती, स्फटिक आणि फोटोमल्टिप्लायर दोघंही तापमानानं सरकतात. उद्यापासून हाय व्होल्टेज देऊन दोन तास थांबायचं, आणि दर मोजणीच्या आधी-नंतर सीझियम.

१२ जानेवारी

पार्श्वभूमीचे काउंट फार येत होते. पोटॅशियम-४० ची १४६१ केईव्हीची पीक भिंतीतून, फरशीतून येते, तिचा कॉम्प्टनचा पसारा (थोडीच ऊर्जा टाकून निसटलेले गॅमा) नेमका आपल्या ३२० वर बसतो. शिशाचं कवच हवं होतं. तयार विटांचा भाव ऐकून सर गप्प बसले. मी पप्पांना विचारलं.

पप्पांचा उद्यमनगरात छोटा कारखाना आहे. रविवारी सकाळी गेलो. अँगल कापून १० बाय १० बाय ५ सेंटिमीटरचा साचा त्यांनी आदल्या रात्रीच जोडून ठेवला होता. कढईत शिसं टाकलं, बर्नर लावला. बराच वेळ काहीच होत नाही, गठ्ठे तसेच पडून राहतात. मग कडेनं एक चकचकीत रेघ उमटते आणि बघता बघता सगळा ढीग खाली बसतो. ३२७ अंशांला शिसं वितळतं. पप्पांनी पळीनं वरची करडी मळ बाजूला सारली. खाली आरसा. त्यात पत्र्याच्या छपरातलं भोक दिसत होतं. दोन सेकंदांत पुन्हा साय धरली.

साचा ते बर्नरवर तापवत होते. मी विचारलं कशाला. "ओल असली थेंबभर, तर शिसं उसळून तोंडावर येतंय," पप्पा म्हणाले. "मागं सर." ओतताना आवाज अजिबात होत नाही. दुधासारखं जातं. गार होताना मध्ये खळगा पडतो, तिथं पुन्हा थोडं ओतायचं. एक वीट साडेपाच किलोच्या वर भरली. चार केल्या.

"एवढं जड घालून अडवायचं काय, तर दिसत नाही ते," पप्पा म्हणाले, आणि वीट दोन्ही हातांनी फडक्यात गुंडाळून दिली. दार-खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या, घरी येऊन हात साबणानं दोनदा धुतले. शिसं पोटात जाता कामा नये.

१४ जानेवारी

पार्श्वभूमी पाचव्या भागावर आली. पण ७५ केईव्हीला नवीच पीक उभी राहिली. शिशाचे स्वतःचे क्ष-किरण! गॅमानं शिशातला आतला इलेक्ट्रॉन उडवला की ते निघतात. शिशाच्या टार्गेटवर पुंज सोडतात तिथंही हेच क्ष-किरण डिटेक्टरला त्रास देतात, हे मी महिनाभर वाचत होते. आज ते माझ्या टेबलावर दिसले.

भांड्यांच्या दुकानातून एक मिलिमीटरचा तांब्याचा पत्रा आणला, दुहेरी करून आत लावला. पीक पाचवा हिस्सा उरली. हिशेबानंही तेवढीच यायला हवी होती.

२१ जानेवारी

बेरियम-१३३ ची ३५६ केईव्हीची रेषा ठळक आहे आणि ३२० च्या जवळ पडते, म्हणून कार्यक्षमतेची मोजणी तिच्यावर. (क्रोमियम-५१ चा गॅमा तर बरोबर ३२० चा आहे, पण त्याचं अर्धायुष्य २८ दिवसांच्या आत, आमच्याकडं कुठून असणार.) स्रोताची तीव्रता सांगणारा दाखला आठ वर्षांपूर्वीचा. बेरियमचं अर्धायुष्य साडेदहा वर्षं, म्हणजे आता ५९ टक्के उरलाय. दाखल्यावरच्या आकड्यातच ५ टक्क्यांची अनिश्चितता आहे.

पीकमध्ये दहा हजार काउंट जमवले, म्हणजे मोजणीची चूक १ टक्का. आणखी रात्रभर ठेवून ती अर्ध्या टक्क्यावर आणता येईल, पण दाखल्याचे ५ टक्के तसेच राहणार. खऱ्या प्रयोगातही हे ५ टक्के सरळ बी(ई१) मध्ये उतरतात. पुंज कितीही दिवस चालवला तरी ते झिजत नाहीत. प्रबंधांमधून कार्यक्षमतेवर पानंच्या पानं का खर्च केलेली असतात, ते आज पटलं.

२ फेब्रुवारी

किरणोत्सवाचा शेवटचा दिवस. संध्याकाळी आईबरोबर अंबाबाईला गेले. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी चरणांवर, मग वर चढत मुखापर्यंत. एका दिवसाच्या फरकानं सूर्य किती सरकतो? तेवढ्यानं किरण कुठं पोचणार ते ठरतं, आणि वाटेत एखादं बांधकाम आडवं आलं तरी बिघडतं. गर्दीत उभी असताना माझ्या डोक्यात कोनच होते, कारण सकाळपासून डॉप्लरचं काम (केंद्रकाच्या वेगामुळं गॅमाची ऊर्जा कोनानुसार बदललेली दिसते ते) चाललं होतं.

आकडे असे. केंद्रक ०.३५३ वेगानं पुढं धावतंय आणि ३२० केईव्हीचा गॅमा सोडतंय. पुढं ३० अंशांवर बसवलेल्या डिटेक्टरला तो ४३१ केईव्हीचा दिसेल. ९० अंशांवर २९९ चा. मागं १५० अंशांवर २२९ चा. एकच किरण, तीन जागी तीन ऊर्जा! प्रत्येक डिटेक्टरचा कोन घेऊन ती परत ३२० वर आणायची, तेव्हा सगळ्या पीक एकावर एक बसतात. ९० अंशांवरच्या डिटेक्टरनं १० अंशांचा कोन व्यापला असेल तर नुसत्या त्यामुळं ६ टक्के रुंदी येते, म्हणजे १८ केईव्ही. म्हणून एक मोठा स्फटिक ठेवण्यापेक्षा पुष्कळ लहान स्फटिक बरे.

आणखी एक गोष्ट तपासली. उत्तेजित बेरिलियम १६६ फेमटोसेकंद जगतं (फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाचाही हजारावा भाग). तेवढ्यात ते १८ मायक्रोमीटर जातं, केसाच्या जाडीहूनही कमी. शिशाचा पत्रा मात्र ३०० मायक्रोमीटरचा धरला आहे. म्हणजे गॅमा पत्र्याच्या आतच निघतो, जिथं धक्का बसला जवळजवळ तिथंच. मग वेग कुठला घ्यायचा, तर पत्र्याच्या मध्यावरचा. आत शिरतानाचा घेतला तर पीक सरकते.

११ फेब्रुवारी

चूक सापडली, आणि चांगली मोठी.

सरांनी सांगितलं होतं, प्रोग्रॅम दुसऱ्या एखाद्या केंद्रकावर चालवून बघ. मॅग्नेशियम-३२ घेतलं. बारा प्रोटॉन, वीस न्यूट्रॉन. वीस हा जादुई आकडा, म्हणजे केंद्रक गोल आणि ताठ असायला हवं. पण १९९५ मध्ये मोतोबायाशी आणि सहकाऱ्यांनी रिकेनमध्ये ते शिशावर सोडून बी(ई२) मोजला, ४५४ ई-वर्ग फर्मी-चतुर्थ, अनिश्चितता ७८. इतका मोठा आकडा ताणलेल्या केंद्रकाचाच असतो. ज्या पद्धतीनं हे उघड झालं तिच्यावर मी काम करते आहे, याचा मला फार आनंद आहे.

माझ्या प्रोग्रॅमनं ८८५ केईव्हीच्या पहिल्या उत्तेजित स्थितीचं आयुष्य ३.३ पिकोसेकंद (पिकोसेकंद म्हणजे हजार फेमटोसेकंद) दिलं. सरांनी वही बघितली, पेन्सिलनं हिशेब केला आणि म्हणाले, "पाचपट कमी आहे. पाच कुठून आला असेल?"

पाच म्हणजे दोन गुणिले दोन अधिक एक. वर जाताना फिरकी शून्याच्या स्थितीतून फिरकी दोनच्या स्थितीत जातो, तिथं पाच उप-स्थिती मिळतात. खाली येताना एकच. कूलॉम उत्तेजनात वर जाणारा बी(ई२) मोजतात, आयुष्य काढायला खाली येणारा लागतो, आणि तो पाचव्या हिश्शाचा. मी दोन्ही जागी एकच घातला होता. बेरिलियम-११ मध्ये दोन्ही स्थिती एक-द्वितीयांश, गुणोत्तर एक. त्यामुळं दोन महिने चूक झाकून राहिली आणि उत्तर बरोबर येत राहिलं.

दुरुस्त करून १६.६ पिकोसेकंद आले. दर न्यूक्लिऑनला ४९ एमईव्हीच्या वेगानं एवढ्या वेळात केंद्रक दीड मिलिमीटर जातं. पत्र्याच्या बाहेर पडून मग गॅमा सोडतं. म्हणजे इथं वेग घ्यायचा तो बाहेर पडल्यानंतरचा. जुन्या ३.३ वर विसंबले असते तर डॉप्लरची दुरुस्तीही चुकली असती.

रात्री सगळा प्रोग्रॅम पुन्हा वाचून काढला. प्रत्येक बी पुढं बाण लिहिला, वर की खाली.

२० फेब्रुवारी

आता बेरिलियम-११ च्या आकड्यांची कहाणी. माझ्या मते प्रकल्पाचा गाभा हाच.

१९८३ मध्ये ३२० केईव्हीच्या स्थितीचं आयुष्य १६६ फेमटोसेकंद मिळालं, अनिश्चितता १५. त्यावरून बी(ई१) ०.११६, अनिश्चितता ०.०१२. मग १९९५ मध्ये फ्रान्सच्या गॅनिलमध्ये कूलॉम उत्तेजन करून पाहिलं, तर अपेक्षेपेक्षा फारच कमी गॅमा. खळबळ उडाली. एकाच केंद्रकाचं एकच संक्रमण, मग दोन वाटांनी दोन उत्तरं कशी? लोकांनी कारणं शोधली. उत्तेजित स्थिती फुटण्याच्या उंबरठ्यापासून फक्त १८० केईव्ही खाली आहे, तेव्हा शिशाच्या क्षेत्रात असतानाच तिला दुसरा धक्का बसून न्यूट्रॉन निघून जात असेल. वलय लांब पसरलंय, म्हणून १२ फर्मीवरही स्पर्श होत असेल. दोन्ही शंका रास्तच होत्या. पण १९९७ च्या रिकेनच्या प्रयोगानं ०.०९९ दिला, अनिश्चितता ०.०१०. म्हणजे आयुष्यावरून काढलेल्या आकड्याशी बऱ्यापैकी जुळलं.

तरीही १० टक्के अनिश्चितता राहिलीच. वेगवान पुंजात ती फारशी खाली आणता येत नाही. केंद्रकीय बलाचा वाटा वजा करावा लागतो आणि तो वाटा कुठल्या मॉडेलनं काढला यावर उत्तर हलतं.

३ मार्च

यावर उपाय आहे हळू जाण्याचा. ऊर्जा इतकी कमी ठेवायची की समोरासमोर टक्कर झाली तरी विद्युत प्रतिकर्षणानं केंद्रकं एकमेकांना टेकणारच नाहीत. पृष्ठभागांमध्ये निदान ५ फर्मी मोकळे राहिले पाहिजेत, असा या क्षेत्रातला नियम आहे.

प्लॅटिनम-१९६ वर बेरिलियम-११ साठी मी हिशेब केला. केंद्रांमधलं अंतर १५ फर्मी ठेवायचं तर पुंजाची ऊर्जा साडे-एकतीस एमईव्ही, म्हणजे दर न्यूक्लिऑनला २.९ च्या आत. वलयाचं शेपूट लांब असल्यामुळं त्याहूनही खाली राहिलेलं चांगलं. वेग प्रकाशाच्या आठ टक्क्यांच्याही आत येतो, डॉप्लरचा ताण केवढा तरी कमी होतो. आईच्या प्रश्नाचं उत्तर हेच: हात लागूच द्यायचा नाही.

कॅनडातल्या ट्रायम्फमध्ये नेमकं हेच केलं, प्लॅटिनमच्या टार्गेटवर, जर्मेनियमचे डिटेक्टर लावून. २०१४ मध्ये निकाल छापला: ०.१०२, अनिश्चितता ०.००२. दहा टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर! तो आकडा वाचून मी खुर्चीतून उठले आणि लॅबमध्ये एक फेरी मारली. दोन टक्क्यांसाठी कार्यक्षमता किती काटेकोर मोजावी लागली असेल, हे माझ्या बेरियमच्या पाच टक्क्यांमुळं मला कळत होतं.

आपल्या देशातही हे तंत्र नवं नाही. दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमध्ये कथिलाच्या समस्थानिकांवर कूलॉम उत्तेजनाचे प्रयोग झाले आहेत. पुढच्या वर्षी तिथं अर्ज करणार आहे. सरांना आजच सांगितलं.

१७ मार्च

तोंडी परीक्षा झाली. बाहेरच्या परीक्षकांनी शेवटचं पान उघडून विचारलं, "१९८३ चा ०.११६ आणि २०१४ चा ०.१०२. मग पहिलं मापन चुकलं म्हणायचं का?"

मी फळ्यावर दोन्ही आकडे त्यांच्या अनिश्चिततेसकट काढले. फरक ०.०१४. दोन्ही अनिश्चितता वर्गात मिळवल्या तर ०.०१२. फरक त्याच्या सव्वापटीच्याही आत. "नाही सर. ०.१०२ वरून आयुष्य काढलं तर १८८ फेमटोसेकंद येतं. तेव्हाचं १६६, अधिक-उणे १५. त्यांनी आपली शंका प्रामाणिकपणे लिहून ठेवली होती, नवा आकडा तिच्या जवळच पडतो."

"आणि हा बाण कसला?" त्यांनी बी(ई२) वर बोट ठेवलं. मी मॅग्नेशियमची गोष्ट सांगितली, पाचपटीसकट. त्यांनी लिहून घेतली.

संध्याकाळी विटा परत न्यायला पप्पा टेम्पो घेऊन आले. सर म्हणाले, राहू द्या, पुढच्या वर्षीच्या मुलांना लागतील. पप्पांनी खिशातून पंच काढला आणि चारही विटांवर एक ते चार आकडे ठोकले, कुठली कुठं बसते ते कळावं म्हणून. तीन नंबरच्या विटेला वर खळगा राहिलाय, ती खालच्या बाजूला ठेवायची.